टेकू मंडळाची शिल्लक

संस्था काढावी असं माझ्या मनात कधीच नव्हतं. मला फक्त माळा रिकामा करायचा होता. सासूबाईंचं हाड मोडलं तेव्हा आणलेल्या दोन कुबड्या, एक वॉकर आणि एक चाकांची खुर्ची एवढं सामान त्यावर पडून होतं. सासूबाई खडखडीत बऱ्या होऊन धाकट्या लेकाकडे राहायला गेल्या. इतक्या बऱ्या, की जाताना जिना माझ्या आधी उतरल्या आणि खाली उभ्या राहून मलाच हाक मारत होत्या. सामान मात्र आमच्याकडेच राहिलं. भंगारवाल्याला दाखवलं तर तो म्हणाला, "साहेब, कुबड्यांना गिऱ्हाईक नसतं. ज्याला लागतात तो घाईघाईत नव्या घेतो आणि ज्याला लागत नाहीत तो फुकटही घेत नाही." मला त्याचं म्हणणं पटलं. भंगारवाले फार विचार करतात.

तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या विमावाल्यांचा पाय मुरगळला. मी त्यांना एक कुबडी नेऊन दिली. झालं! आठवड्याभरात त्यांच्या ओळखीचे, त्या ओळखीच्यांच्या ओळखीचे आमची बेल वाजवायला लागले. कुणाला वॉकर हवा, कुणाला खुर्ची हवी, कुणाला नुसतंच "तुमच्याकडे काय काय आहे हो?" हे विचारायचं होतं. पुष्कळ लोक बरे झाल्यावर आपल्या घरातलं असलंच सामान आणून आमच्या दारात सोडूनही जात. आमच्या पुढच्या खोलीत बायकोचा शिवणाचा धंदा चालतो. पडदे, उशांचे अभ्रे, लांब पँटी आखूड करणं, असा. हळूहळू तिच्या मशिनभोवती कुबड्यांचं रान माजलं. गिऱ्हाइकं पडदे द्यायला आली की आधी आमच्या घरात कोण आजारी आहे ते दबक्या आवाजात विचारत.

आता माझ्याबद्दल एकच गोष्ट सांगतो, कारण तिच्यावाचून पुढचं समजणार नाही. मी आयुष्यभर एका नळ-पाइपांच्या कंपनीत स्टोअरकीपर होतो. लोकांना वाटतं, स्टोअरकीपरचं काम वस्तू देणं. साफ चूक. वस्तू देणं हा नाइलाज असतो. वस्तू राखणं हे काम. वर्षअखेरीला सगळा माल जिथल्या तिथे दिसला की माझ्या छातीत जे समाधान भरायचं ते मी शब्दांत सांगू शकत नाही. माझ्या कारकिर्दीत एक साधा वॉशरसुद्धा कधी कमी भरला नाही. निरोपसमारंभात साहेब म्हणाले होते, "यांच्या हातून वस्तू सुटणं कठीण." मी ते कौतुक समजलो. बायको अजून म्हणते, ते कौतुक नव्हतं.

तर एके दिवशी आमच्या वरच्या मजल्यावरचे, कोर्टात कारकुनी करून निवृत्त झालेले गृहस्थ खाली आले. सगळी इमारत त्यांना कलमबहाद्दर म्हणते. त्यांच्या तोंडावरही म्हणते आणि त्यांना ते आवडतं. कुबड्यांच्या रानाकडे पाहून ते गंभीर झाले.

"उद्या कुणी तुमच्या कुबडीवरून पडला तर?"

"आधीच पडलेले लोकच नेतात," मी म्हणालो.

"विनोद नको. जबाबदार कोण? तुम्ही. व्यक्तिशः! रीतसर संस्था नोंदवा. म्हणजे जबाबदारी संस्थेची. शिवाय देणग्या घेता येतात, अनुदान मिळतं, करमाफी मिळते."

करमाफी हा शब्द ऐकून बायकोने मशिन थांबवलं. ती तिच्या धंद्याचा कर दरवर्षी इमानेइतबारे भरते आणि त्या आठवड्यात घरात कुणाशी नीट बोलत नाही. ती म्हणाली, "अहो, काढा संस्था. निदान हे सगळं उचलून कुठेतरी न्याल."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. संस्थेचं नाव ठरलं 'टेकू मंडळ'. अध्यक्ष मी, खजिनदार विमावाले, चिटणीस बायको, आणि कलमबहाद्दर सल्लागार. सल्लागार व्हायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, पण ते जन्मतःच होते.

नोंदणीसाठी बायकोच्याच करसल्लागाराकडे गेलो. त्याचं ऑफिस एका दंतवैद्याच्या दवाखान्याला लागून आहे आणि दोघांचं बाहेर बसायचं बाकडं एकच. त्यामुळे दाताला आलेले कोण आणि कराला आलेले कोण हे चेहऱ्यावरून ओळखता येत नाही. माझ्या शेजारच्या बाईंनी मला विचारलं, "काढायलाच सांगितलाय का?" मी म्हणालो, "नाही, भरायचा आहे की नाही ते विचारायला आलोय." त्या म्हणाल्या, "भरून घ्या. काढला की जागा रिकामी राहते."

करसल्लागार हा अत्यंत शांत माणूस आहे. तो प्रत्येक संकटाला "हरकत नाही" म्हणतो. दुसऱ्यांचा पैसा आहे, जपून वापरा, असं म्हणून त्याने मला पुष्कळ गोष्टी समजावल्या. संस्थेचं बँकखातं वेगळं हवं. प्रत्येक देणगीची पावती हवी. घरचा पैसा आणि संस्थेचा पैसा यांची गाठ पडता कामा नये. ज्या कामासाठी पैसा आला त्याच कामाला तो लागला पाहिजे. मी सगळ्याला मान डोलावली, पण खरं सांगायचं तर त्यातला "जपून" हा एकच शब्द माझ्या डोक्यात शिरला. आणि जपणं मला शिकवायला नको.

पहिली अडचण घरातच निघाली. अर्धी खोली मंडळाने अडवल्याबद्दल बायकोने मंडळाला भाड्याचं बिल दिलं. अध्यक्ष या नात्याने मी ते तोंडी फेटाळलं, नवरा या नात्याने मान्य केलं आणि शेवटी करसल्लागाराला विचारलं. तो म्हणाला, "हरकत नाही, पण त्या संबंधित व्यक्ती आहेत. संबंधित व्यक्तीला संस्थेचा पैसा देताना कारण, दर, ठराव, सगळं उघड लिहावं लागतं." इतक्या वर्षांच्या संसारात मी बायकोकडे संबंधित व्यक्ती म्हणून प्रथमच पाहिलं. तीही म्हणाली, "बरं झालं कुणीतरी सांगितलं. मला वाटत होतं माझा काही संबंधच नाही." भाडं तिने सोडून दिलं, टोमणा अजून चालू आहे.

दुसरी अडचण बँकेची. खातं उघडायला ठराव लागतो, ठरावाला सभा लागते, सभेला इतिवृत्त लागतं आणि इतिवृत्तावर शिक्का. आम्ही स्वयंपाकघरात सभा घेतली. एकीकडे भाजी जळली, तेही कलमबहाद्दरांनी इतिवृत्तात घेतलं, कारण "घडलेलं सगळं यायला हवं." बँकेच्या खिडकीतल्या बाईंनी ते वाचून विचारलं, "भाजीबाबत ठराव झाला का?" मी म्हटलं, नाही. "मग ते का लिहिलंय?" नवीन इतिवृत्त, नवीन शिक्का. पहिला शिक्का चौकोनी होता आणि बँकेला गोल हवा होता. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, असं सगळं चाललं होतं. पण मला मजा येत होती. निवृत्त माणसाला कुणीतरी खिडकीतून "उद्या या" म्हणणं हाही एक आधार असतो.

मग एका फरशीच्या कंपनीची जाहिरात आली. छोट्या संस्थांना ते अनुदान देणार होते. अर्जात एक प्रश्न होता : हा पैसा मिळाल्यास नेमक्या कोणत्या माणसाच्या आयुष्यात काय फरक पडेल? मी बराच वेळ पेन चावलं. "तिसऱ्या मजल्यावर जाऊन या," बायको म्हणाली.

तिसऱ्या मजल्यावर बाई राहतात. त्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, म्हणून सगळे त्यांना नुसतं बाई म्हणतात. गुडघे गेल्यापासून त्या घराबाहेर पडलेल्या नव्हत्या. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. मला एवढं ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते हे, की दोन चौक पलीकडे, तशाच एका इमारतीत वरच्या मजल्यावर त्यांची मोठी बहीण राहते. तिचीही चाल बंद. दोघी रोज सकाळी फोनवर बोलतात. हाकेच्या अंतरावर असून दोघींनी एकमेकींना पाहिल्याला वर्षं लोटली होती.

"ताईची नजर उतरत चाललीय," बाई म्हणाल्या. "मला काही नको हो. एकदा तिच्यासमोर बसायचंय. ती मला बघू शकते तोवर."

बाजारात बॅटरीवर जिना चढणारी-उतरणारी खुर्ची मिळते, हे विमावाल्यांनी शोधून काढलं. माणूस बसवायचा, मागे एकाने धरायचं, आणि ती पट्ट्यावरून एकेक पायरी घेत जाते. मी अर्जात हे सगळं लिहिलं. वाचून दाखवला तेव्हा बायकोने मशिन थांबवलं. कंपनीलाही काहीतरी झालं असावं, कारण महिन्याभरात अनुदान मंजूर झालं आणि मंडळाच्या खात्यात चांगली भरघोस रक्कम जमा झाली.

इथे माझ्यातला स्टोअरकीपर जागा झाला. एवढी रक्कम आयुष्यात पहिल्यांदा माझ्या ताब्यात आलेली, आणि ती आल्या आल्या घालवायची? मी चौकशी केली तर खुर्ची चांगलीच महाग होती. म्हटलं, भाव थोडे उतरू देत. शिवाय नवी वस्तू वापरायला काढली की जुनी होते, हा निसर्गनियम आहे. मी पैसे मुदत ठेवीत टाकले. व्याज सुरू झालं. खातं उघडून बघितलं की मला कंपनीतल्या भरलेल्या फळ्या आठवायच्या. बाईंचा अधूनमधून फोन यायचा, "काही कळलं का हो खुर्चीचं?" आणि मी म्हणायचो, "बघतोय बाई, प्रयत्न चालू आहेत." पुढे पुढे त्यांनी विचारणं बंद केलं. मला वाटलं, बरं झालं, समजूतदार आहेत.

वर्ष संपत आलं. हिशेबाची फाईल काखेत मारून मी करसल्लागाराकडे गेलो तो अक्षरशः तरंगत. बाकड्यावर बसलेल्या दातवाल्यांकडे मी दयेने पाहिलं.

"जमा छान आहे," करसल्लागार म्हणाला. "खर्च?"

"कुबड्यांची रबरी बुडं बदलली," मी अभिमानाने म्हणालो. "आणि शिक्के. दोन."

"आणि खुर्ची?"

"नाही घेतली. सगळी रक्कम जशीच्या तशी आहे. वर व्याज!"

त्याने चष्मा काढला. आणि त्या शांत माणसाने पहिल्यांदा "हरकत आहे" म्हटलं.

त्याने सांगितलेलं असं, की धंद्याचं गणित वेगळं आणि संस्थेचं वेगळं. धंद्यात मिळालेल्यातून खर्च वजा होतो आणि उरेल त्यावर कर बसतो. संस्थेला करमाफी मिळते ती पैसा जमवल्याबद्दल नाही, तो कामाला लावल्याबद्दल. पैसा कामाला लावला नाही, तर सरकार म्हणणार, मग तुम्हाला माफी कशाची? त्यावर कर. दुसरीकडे फरशी कंपनी म्हणणार, खुर्चीसाठी दिलं होतं, खुर्ची कुठाय? पैसे परत करा, व्याजासकट. आणि पुढे मंडळाला दारात उभं करणार नाहीत.

"म्हणजे," मी म्हणालो, "मी एक पैसा उडवला नाही, खाल्ला नाही, म्हणून मला दंड?"

"हो."

त्याच क्षणी पलीकडून दंतवैद्याचा कुणी पेशंट असा किंचाळला, की मला वाटलं मीच किंचाळलो.

गाढवही गेलं आणि ब्रह्मचर्यही गेलं, अशा अवस्थेत घरी आलो. बायको पडद्याला कड शिवत होती. सगळं ऐकल्यावर तिने दोरा दातांनी तोडला.

"धंद्यात उरलं पाहिजे आणि संस्थेत सरलं पाहिजे, एवढं साधं तुम्हाला कळू नये? आणि कराचं काय घेऊन बसलात? बाईंना वर्षभर काय सांगत होतात तुम्ही?"

"प्रयत्न चालू आहेत असं."

"कसले प्रयत्न? बँकेत पैसे झोपवायचे?"

करसल्लागाराने सांगितलं तेव्हा माझा अपमान झाला होता. हिने सांगितलं तेव्हा लाज वाटली. दोन्हींतला फरक मला त्या दिवशी नीट कळला.

मग सुरू झाली खर्च करण्याची धावपळ, आणि मी अनुभवाने सांगतो, पैसा मिळवणं त्यामानाने सोपं. मुदत ठेव मोडायला गेलो तर खिडकीतल्या बाई हळहळल्या. "अहो, थोडं थांबा, व्याज बुडेल. इतकी चांगली शिल्लक कुणी मोडतं का?" माझ्याच मनातलं त्या बोलत होत्या, म्हणून जास्तच राग आला. त्यात खजिनदाराची सही हवी. विमावाल्यांचा पाय बरा झाला होता, पण त्या आनंदात ते मोरीत घसरले आणि उजवा हात प्लॅस्टरमध्ये गेला. ज्या माणसाने निम्म्या शहराला अपघाताची भीती घालून विमे विकले, त्याने स्वतःचा विमा उतरवलेला नव्हता. त्यांनी डाव्या हाताने सही केली. बँक म्हणाली, जुळत नाही. मी म्हटलं, "माणूस जुळतोय ना? हा बघा, समोर उभा आहे." बँक म्हणाली, माणसाचा नमुना आमच्याकडे नाही, सहीचा आहे. शेवटी डॉक्टरचं पत्र, त्यावर मंडळाचा ठराव, त्यावर गोल शिक्का, एवढं झाल्यावर तो डावा हात अधिकृत ठरला.

पैसे मोकळे झाले, तर कलमबहाद्दर आडवे आले. "तीन दरपत्रकं घ्या. नाहीतर हिशेब तपासताना प्रश्न येईल." आता गावात जिना चढणारी खुर्ची विकणारं दुकान एकच. पण नियम म्हणजे नियम. मी उरलेली दोन दरपत्रकं एका फर्निचरवाल्याकडून आणि एका ऑफिसच्या खुर्च्या विकणाऱ्याकडून आणली. तिन्ही समोर ठेवल्यावर कलमबहाद्दर म्हणाले, "सर्वांत कमी दर फर्निचरवाल्याचा. नियमाप्रमाणे तीच घ्यावी लागेल."

"अहो, ती लाकडी खुर्ची आहे! ती जिना चढत नाही!"

"तसं कारण लिहून ठराव करा."

म्हणून मंडळाच्या दप्तरात आजही असा ठराव आहे, की 'सर्वानुमते असे ठरले की जिना चढण्यासाठी, जिना न चढणाऱ्या खुर्चीपेक्षा जिना चढणारी खुर्ची अधिक योग्य राहील.' सूचक मी, अनुमोदक संबंधित व्यक्ती.

खुर्ची आली. मी बाईंना सांगायला वर गेलो. "पैसे जमले वाटतं एकदाचे," त्या म्हणाल्या आणि इतक्या आनंदाने म्हणाल्या, की मी "हो" म्हणून खाली पळालो.

वस्तू तपासल्याशिवाय द्यायची नाही, हे माझं व्रत. त्यामुळे पहिला मीच बसलो. पट्टे आवळले. मागे विमावाले, एका हाताने. त्यांच्या मदतीला बायको. पहिला मजला ते दुसरा, झकास! लहानपणी कुणी कडेवर घेतल्यावर वाटतं तसं वाटलं. दुसरा ते तिसरा यांच्या मध्यावर खुर्चीने एक सुस्कारा टाकला आणि ती थांबली. बॅटरी आधी चार्ज करायची असते, हे माहितीपत्रकात पहिल्याच पानावर होतं. माहितीपत्रक मी नीट जपून कपाटात ठेवलं होतं.

खुर्ची ना खाली, ना वर. मी तोंड खालच्या बाजूला करून पट्ट्यांत बांधलेला, जिन्याच्या मधोमध. पट्ट्याचं कुलूप बायकोला उघडेना. शेजारी जमले. कुणी म्हणालं हलवू नका, कुणी म्हणालं हलवा, कुणी माझ्या अंगावरून ओलांडून कामावर गेलं. कलमबहाद्दर कठड्याला टेकून म्हणाले, "व्यक्तिशः जबाबदारी नाही बरं का. आता मंडळाची."

आणि तेवढ्यात जिन्याने फरशी कंपनीच्या मॅडम वर आल्या. पैशाचा विनियोग पाहायला कुणीतरी येणार असं पत्र होतं. ते आजच येतील असं नव्हतं. त्यांनी मला तशा अवस्थेत पाहिलं. त्यांचे डोळे ओलावले.

"किती वर्षं झाली असं होऊन?" त्यांनी हळूच बायकोला विचारलं.

"लग्नाआधीपासूनच असे आहेत," बायको म्हणाली.

मॅडमनी माझा हात हातात घेतला. मी काही बोलायच्या आत त्यांच्याबरोबरच्या माणसाने फोटो काढला. तो फोटो पुढे कंपनीच्या वार्षिक अहवालात आला. खाली ओळ आहे : 'कित्येक वर्षांनंतर मोकळा श्वास'. माझ्या भावाने तो पाहून मला फोन केला आणि आम्हाला का कळवलं नाहीस म्हणून रागावला.

शेवटी खुलासा झाला, पट्टे सुटले, आणि मॅडमना आम्ही बाईंकडे नेलं. मॅडम फार मोकळ्या स्वभावाच्या. त्या बाईंना म्हणाल्या, "आम्हाला किती बरं वाटतंय म्हणून सांगू! पैसे दिल्याला वर्ष होत आलं, म्हटलं खुर्ची दिसत कशी नाही."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. चष्म्याच्या वरून. किती पोरांना त्या नजरेने बाकावर उभं केलं असेल कोण जाणे. मी उभाच होतो, आणखी कुठे उभा राहणार? मॅडमना त्यांनी चहा घेणार का विचारलं, मला नाही विचारलं.

दुसऱ्या दिवशी, बॅटरी काठोकाठ भरून, आम्ही बाईंना खाली उतरवलं. मागे मी होतो. प्रत्येक पायरीला खुर्ची हलकेच वाकायची, आणि बाई "हं" म्हणायच्या, शाळेत पाढा ऐकताना म्हणत असतील तशा. खाली पोचल्यावर त्यांनी आधी रस्ता दोन्ही बाजूंनी पाहून घेतला. समोरच्या दुकानाची पाटी बदलली होती, ती त्यांनी मोठ्याने वाचली आणि तिच्यातली शुद्धलेखनाची चूक काढली. तिथून दोन चौक मी खुर्ची ढकलत नेली. बायको आणि विमावाले दोन बाजूंनी. वाटेत बाई जे काही बोलल्या ते बायकोशीच बोलल्या.

बहिणीच्या इमारतीचा जिना अरुंद होता, तरी खुर्ची चढली. दार उघडंच होतं. खिडकीशी एक बारकुळी म्हातारी बसली होती. ती आमच्या दिशेला तोंड करून हसली, पण तिची नजर आमच्या बाजूने कुठेतरी भिंतीवर गेली.

"आलीस का गं धाकटे?"

आमच्या अख्ख्या इमारतीच्या बाई क्षणात धाकटी झाल्या. मी खुर्ची अगदी जवळ नेली. बहिणीने हात पुढे केले. आधी बाईंचा खांदा सापडला, मग गाल, मग चष्मा. तिने तो काढून स्वतःच्या मांडीवर ठेवला आणि दोन्ही हातांनी बाईंचा चेहरा चाचपत राहिली. बायकोने माझा दंड घट्ट धरला होता.

"फोनवर म्हणाली नाहीस," बाई म्हणाल्या. "नजर इतकी गेली म्हणून."

"सांगून काय करणार होतीस? उडी मारणार होतीस खाली?"

बाई मागे न बघता, पण मला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "खुर्ची गेल्या वर्षी आली असती तर तुला मी दिसले असते, ताई."

मी खुर्चीच्या मुठी धरून उभा होतो. व्याजासकट जपलेली ती सगळी रक्कम पुन्हा हातात आली असती, तरी हे एक वर्ष काही कुठल्या दुकानात मिळणार नव्हतं. मला मान वर करवेना.

"हात्तिच्या!" बहीण म्हणाली. "त्यात काय बिघडलं? तू काही अशी बघण्यासारखी नव्हतीसच कधी. आईसुद्धा म्हणायची."

"आई तुला म्हणायची!"

"मला? मला कशाला म्हणेल? नाक कुणाचं आहे हे? हे बघ, हे!" तिने बाईंचं नाक चिमटीत धरलं.

आणि दोघी अशा हसायला लागल्या, की शेजारचं दार उघडून कुणीतरी बघून गेलं. हसता हसता बाईंनी मागे हात केला आणि खुर्चीच्या मुठीवरच्या माझ्या हातावर दोनदा थोपटलं. मग म्हणाल्या, "अहो, असे खांबासारखे उभे काय राहिलात? मला इथे पलंगावर बसवा आणि खुर्चीत हिला घ्या. हिलाही खाली जायचंय."

"बॅटरी निम्म्यावर आलीय बाई," मी म्हणालो. "ताईंना खाली नेऊन परत वर आणलं तर तुम्हाला घरी न्यायला पुरायची नाही."

"मग संपू दे," बाई म्हणाल्या. "मला कुठे आज परत जायचंय?"

मी वाकून बहिणीच्या पायांशी खुर्ची लावली आणि पट्टे सैल केले.